जुन्या गाडीचा रंग आणि सीलंट उतरवायचंय? आधी थर वाचायला शिका

बॉनेटच्या एका कोपऱ्यात नाण्याएवढा गोल घासून बघा. ३२० नंबरचा वॉटर पेपर, थोडं पाणी आणि हलका हात. मधोमध पत्रा चमकायला लागला की थांबा, पुसा आणि नीट बघा. झाडाच्या बुंध्यात दिसतात तशी वलयं दिसतील. सगळ्यात बाहेर आजचा रंग, त्याच्या आत राखाडी सर्फेसर, म्हणजे रंगाखाली पृष्ठभाग सपाट करणारा थर, मग कधीकाळी कुणीतरी मारलेला वेगळाच रंग, मग कारखान्याचा मूळ रंग आणि अगदी पत्र्याला लागून तपकिरी किंवा लालसर प्रायमर. गाडी किती वेळा रंगवली गेली, कुठे घाईत रंगवली गेली, हे त्या एका गोलात कळतं. असे गोल छतावर, चारही फेंडरवर, दारांवर आणि डिकीवर घासा. रंग उतरवण्याचं काम इथून सुरू होतं.

जुनी गाडी पहिल्यांदाच उघडायला घेतलेल्यांसाठी हे लिहितोय. एक गोष्ट आत्ताच सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्याभोवतीच फिरणार आहे: जेवढा पत्रा त्याच दिवशी प्रायमरखाली झाकता येईल, तेवढाच उघडा करा. पहिल्याच आठवड्यात अख्खी गाडी सोलून चकचकीत करण्याचा मोह प्रत्येकाला होतो. फोटो छान येतात. पण दमट हवेत उघड्या पोलादावर काही तासांत गंजाची लाली चढते आणि तो पत्रा पुन्हा पहिल्यापासून घासावा लागतो.

सगळा रंग काढायलाच हवा असं नाही

जुना रंग पत्र्याला घट्ट धरून असेल, फोड नसतील, भेगा नसतील, तर नव्या रंगाला तो चांगला पाया आहे. त्याला फक्त घासून खरखरीत करा आणि वरून प्रायमर द्या. उतरवायचा तो पोपडे सुटलेला, नख अडकेल अशा भेगा पडलेला, टाचणीच्या डोक्याएवढे फोड आलेला, किंवा थरांवर थर चढून जाड झालेला रंग. जाडी मोजायचं छोटं गेज मिळतं, ते घ्याच. कारखान्याचा रंग ढोबळमानाने १०० ते १५० मायक्रॉनच्या आसपास असतो. आकडा ५०० च्या वर गेला तर गाडी दोन-तीनदा रंगवली गेली आहे. १००० पार झाला तर रंगाखाली लांबी, म्हणजे पोचे बुजवायची पुट्टी, भरलेली आहे असं धरून चाला.

आणि गाडी अजून मूळ रंगात असेल, फिकी पडलेली, ओरखडलेली, पण मूळ, तर यंत्र हातात घेण्याआधी चार दिवस थांबा. कारखान्यातून आलेला रंग एकदा गेला की त्याची हुबेहूब नक्कल करता येते, तो रंग परत येत नाही. अशा गाडीला मी स्वतः फक्त पॉलिश करीन.

पत्रा कशाचा, रंग कुठला

लोहचुंबक पातळ फडक्यात गुंडाळून गाडीभर फिरवा. पोलादावर तो खेचला जातो, लांबीवर ढिला पडतो, ॲल्युमिनियम आणि फायबरग्लासवर चिकटतच नाही. हे आधी कळायलाच हवं, कारण रिमूव्हर, म्हणजे रंग सोडवणारं रसायन, त्यावर ठरतो. १९५३ पासून शेव्हरोले कॉर्व्हेटची बॉडी फायबरग्लासची आहे. साधा पेंट रिमूव्हर तिथे रंगाबरोबर खालचं रेझिनही मऊ करतो. जुन्या लँड रोव्हरचे बहुतेक पत्रे ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचे, पण बल्कहेड (इंजिन आणि केबिनमधली भिंत) आणि चासी पोलादाची, म्हणजे एकाच गाडीत दोन वेगळे नियम. कॉस्टिक सोड्यावर आधारलेला रिमूव्हर ॲल्युमिनियमला लावला तर तो धातूच खातो आणि त्यातून हायड्रोजन वायू सुटतो. जस्ताचा मुलामा असलेल्या पत्र्यालाही तो चालत नाही.

रंगाची जात ओळखायला पांढरं फडकं लॅकर थिनरमध्ये भिजवून मिनिटभर एका जागी दाबून धरा. रंग विरघळून फडक्यावर आला तर तो लॅकर आहे. १९२० च्या दशकात नायट्रोसेल्युलोज लॅकर आला आणि दिवसेंदिवस वाळत पडणारे रंग मागे पडले. मग कित्येक वर्षं तो वापरात राहिला. हा रंग रिमूव्हरने झटपट सुटतो, पण चटकन पेट घेतो आणि घासल्यावर निघणारी त्याची कोरडी पूडही तशीच पेटती असते. रंग फक्त मऊ झाला, सुरकुतला, तर बहुधा इनॅमल. काहीच झालं नाही तर हार्डनर घालून मारलेला रंग. त्याला रिमूव्हर दोन-तीनदा लावायची तयारी ठेवा.

शिशाचं काय? जुन्या पिवळ्या, केशरी, लाल रंगांत आणि गंजरोधक प्रायमरमध्ये शिसं सर्रास असायचं. गाडी जुनी असेल तर चाचणीच्या भानगडीत न पडता शिसं आहे असंच समजून वागा. आणखी एका जागी ते दडलेलं असतं. जुन्या गाड्यांत छत आणि मागचा फेंडर जिथे मिळतात ते सांधे लांबीने नाही, तर शिसं-कथिलाच्या डागाने, म्हणजे सोल्डरने, भरून तासलेले असतात. रंग काढल्यावर पोलादापेक्षा मंद, करडा, मऊ पट्टा दिसला, नखाने ओरखडा उठला, तर तो हाच. हे मिश्रण १८३ अंश सेल्सियसला वितळू लागतं, म्हणून तिथे हीट गन नको आणि कोरडं घासणं तर मुळीच नको. कारागिराच्या हातचं ते काम आहे. धड असेल तर तसंच राहू द्या.

अंगावर काय घालायचं

घासताना पी१०० किंवा पी३ दर्जाच्या फिल्टरचा, तोंडावर घट्ट बसणारा रबरी मास्क. कापडी मास्कचा शिशाच्या धुळीपुढे उपयोग नाही. दाढी असेल तर मास्क नीट बसत नाही, हेही लक्षात घ्या. रसायनासाठी सेंद्रिय वाफा अडवणारी कार्ट्रिज वेगळी असते. डोळ्यांवर गॉगल आणि त्यावर फेस शील्ड, दोन्ही. जमेल तिथे ओलंच घासा. धूळ झाडू नका, हेपा फिल्टरच्या व्हॅक्यूमने ओढा. काम संपल्यावर कपडे तिथेच काढून वेगळे धुवा आणि हात धुतल्याशिवाय काही खाऊ नका. लहान मुलं आणि गरोदर बाई असलेल्या घरात हे अगदी कडकपणे पाळा. शिशाने सर्वांत जास्त नुकसान त्यांचंच होतं.

रिमूव्हरच्या डब्यावर मिथिलीन क्लोराइड लिहिलेलं असेल तर तो डबा नवशिक्याने परत ठेवावा. रंग तो भराभर सोडवतो, पण शरीरात त्याच्यापासून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याची वाफ हवेपेक्षा जड असल्यामुळे बंद जागेत खाली साचते. बंद खोलीत ते वापरताना माणसं दगावली आहेत. अमेरिकेत २०१९ पासून सर्वसामान्य ग्राहकांना असे रिमूव्हर विकायला बंदी आहे. युरोपीय संघाने त्याआधीच तसं केलं. बेंझिल अल्कोहोलवर चालणारे रिमूव्हर मिळतात. ते हळू काम करतात, रात्रभर ठेवावे लागतात, पण जिवाला जपतात. हातमोज्यांबाबत डब्यावर जे लिहिलं असेल तेच घ्या, कारण पातळ निळे मोजे कित्येक सॉल्व्हंटमध्ये मिनिटांत फुगतात.

आधी फोटो, मग पाना

सुटे भाग काढताना प्रत्येक सांध्याचा फोटो काढा, विशेषतः सीलंटचा, म्हणजे पाणी शिरू नये म्हणून सांध्यांत भरलेल्या लेपाचा. कुठे जाड पट्टा आहे, कुठे ब्रशने फासलाय, कुठे मुद्दाम जागा सोडली आहे, हे नंतर आठवत नाही. चासी नंबर आणि बॉडीवरच्या पाट्या फोटोत घ्या, त्यांवर टेप लावा आणि त्यांना अजिबात हात लावू नका. कोरलेले आकडे घासून पुसट झाले तर गाडीची ओळखच जाते. मग गाडी धुवा आणि वॅक्स-ग्रीस रिमूव्हरने पुसा: एका फडक्याने ओलं, लगेच दुसऱ्या कोरड्या फडक्याने. हे घासण्याच्या आधीच करायचं. वर मेण किंवा सिलिकॉन असताना घासलं तर काचपेपर ते ओरखड्यांत भरतो आणि नव्या रंगात माशाच्या डोळ्यासारखे गोल खड्डे पडतात.

सीलंट रंगाच्या आधी

बहुतेक नवशिके आधी रंग काढतात आणि सीलंट शेवटी उरकतात. मला हा क्रम चुकीचा वाटतो. सीलंट रबरासारखा असतो. ब्लास्टिंगचे, म्हणजे रंग उडवायला हवेच्या दाबाने मारलेले, कण त्यावरून उडून परततात, घासायच्या डिस्कला तो तापून चिकटतो आणि सगळीकडे काळा राप पसरतो. शिवाय खरा गंज त्याच्याखालीच असतो. तो दिसल्याशिवाय गाडीला किती काम आहे हे कळतच नाही.

आधी नखाने दाबून त्याची जात ओळखा. दगडासारखा कडक, टोचल्यावर खपली उडते, तो जुना तेलावर किंवा डांबरावर बनलेला. दाबला जातो आणि परत येतो, तो पॉलियुरेथेन किंवा कारखान्यात भट्टीत भाजलेला पीव्हीसी. काचेभोवतीचा काळा, पिठाच्या गोळ्यासारखा, बोटाला चिकटणारा तो ब्यूटिल.

कडक झालेला सीलंट बोथट पटाशीने, पत्र्याशी अगदी कमी कोन ठेवून, हळू ठोकत काढा. मोठे तुकडे आपणहून सुटतात. रबरी सीलंटसाठी हीट गन, पण अगदी कमी तापमानावर: हात जेमतेम ठेवता येईल एवढं गरम करायचं, धूर निघेपर्यंत नाही. पीव्हीसी जास्त तापला तर हायड्रोजन क्लोराइडचा तिखट वायू सुटतो आणि पॉलियुरेथेनमधून आयसोसायनेट. दोन्ही फुप्फुसांना वाईट. मऊ झाल्यावर प्लॅस्टिकच्या खरवडणीने उचला. वितभर पट्टा गरम करा, लगेच काढा, पुढे सरका. कंप पावणाऱ्या मल्टिटूलला पातळ पातं लावलं तर चिकट पीव्हीसीखाली ते चांगलं शिरतं. ब्यूटिलसाठी एक सोपी युक्ती: काढलेल्याच ब्यूटिलचा गोळा करून उरलेल्या चट्ट्यांवर दाबत फिरवा. तोच आपला उरलेला भाग उचलतो. शेवटचा राप मिनरल टर्पेंटाइनने पुसा.

तळाला आवाज दाबण्यासाठी चिकटवलेले डांबरी पट्टे तापवून काढायला गेलात तर सगळी जमीन चिकट होते. तिथे कोरडा बर्फ वापरा, म्हणजे गोठवलेला कार्बन डायऑक्साइड, उणे ७८ अंशांचा. त्याचा चुरा पट्ट्यावर पसरा आणि दहाएक मिनिटं थांबा. पट्टा आखडत जातो आणि काच तडकल्यासारखे बारीक आवाज येऊ लागतात. ते आले की लाकडी किंवा रबरी हातोडीने ठोका. डांबर बिस्किटासारखं तुकड्यांत फुटतं आणि खाली स्वच्छ रंग दिसतो. जाड हातमोजे घाला आणि दारं-खिडक्या उघड्या ठेवा, कारण हा वायूही जड असतो आणि गाडीच्या खोलगट तळात साचून श्वास कोंडवतो. काही जुन्या अस्तरांत आणि तळाच्या लेपांत ॲस्बेस्टॉसचे तंतू असायचे. तंतुमय काही दिसलं तर तोडफोड न करता नमुना तपासून घ्या आणि निकाल येईपर्यंत तो भाग तसाच ठेवा.

आता सांधा उघडा झाला. स्पॉट वेल्डचे गोल ठिपके एका रेषेत दिसतील. दोन पत्र्यांच्या फटीतून तपकिरी पूड पडत असेल, पत्रा वेल्डच्या मधल्या जागेत फुगला असेल, तर आत गंज वाढतोय. त्याच्यावर नवा सीलंट मारणं म्हणजे गंजाला पांघरूण घालणं. तिथे पत्रा कापून नवा जोडावा लागतो.

रंग: एका वेळी एक पत्रा

पहिला पत्रा डिकीच्या झाकणाचा किंवा सुटा फेंडर घ्या. रिमूव्हर वापरणार असाल तर रंगाला ८० नंबरच्या काचपेपरने ओरखडे पाडा. कडा, दुमडी आणि सांधे टेपने दुहेरी झाका आणि कडेपासून दोन बोटं आत थांबा. ब्रशने जाड थर एकाच दिशेने लावा. मागेपुढे फासू नका, वरचा पापुद्रा मोडतो आणि रसायन उडून जातं. वर प्लॅस्टिकचा कागद अंथरा. रंग सुरकुतून उचलला की कोपरे गोल केलेल्या खरवडणीने ओढा, पुन्हा लावा, पुन्हा ओढा. शेवटी डब्यावर सांगितलं असेल त्याप्रमाणे पाण्याने किंवा थिनरने पूर्ण निष्प्रभ करा.

त्या दोन बोटांचा हट्ट मी का धरतो, ते सांगतो. पहिल्या गाडीच्या दाराला मी अगदी कडेपर्यंत रिमूव्हर लावला. खाली बाहेरचा पत्रा आतल्या चौकटीवर दुमडलेला असतो, त्या दुमडीत थोडा शिरला. मी पाणी मारलं, फडक्याने पुसलं, समाधान मानलं. आठ महिन्यांनी दाराच्या खालच्या काठावर एका ओळीत मऊ फोड आले. नखाने दाबलं तर नवाकोरा रंग ओल्या सालीसारखा सरकला. दोन्ही दारं पुन्हा करावी लागली. तेव्हापासून कडा मी हातानेच घासतो.

यंत्राने करायचं तर नायलॉनच्या जाळीची स्ट्रिपिंग डिस्क मला सर्वांत विश्वासाची वाटते. ती रंग आणि पातळ गंज खाते, पत्रा फारसा खात नाही. नंतर ८० नंबरने ऑर्बिटल सँडर. ग्राइंडरला फ्लॅप डिस्क लावून मोठे सपाट पत्रे घासू नका. गाडीचा पत्रा बहुतेक वेळा पाऊण ते एक मिलिमीटर जाड. एका जागी दहा सेकंद रेंगाळलात तर तो तापतो, ताणला जातो आणि परत बसत नाही. दाबला की रिकाम्या डब्यासारखा टक आवाज करत आत-बाहेर होतो. मोकळा हात मधून मधून पत्र्यावर ठेवा. हाताला चटका बसत असेल तर त्याच पत्र्यावर दुसऱ्या जागी सरका. तारेचा ब्रश सांध्यात उपयोगी पडतो, पण त्याच्या तारा सुटून बाणासारख्या येतात. फेस शील्ड त्यासाठीच.

ब्लास्टिंग चासीला, सस्पेन्शनच्या भागांना, दाराच्या चौकटींना उत्तम. छत, बॉनेट, दाराचा बाहेरचा पत्रा यांवर कडक कणांचा मारा झाला तर पत्र्याची एक बाजू ठोकली जाऊन ताणली जाते आणि तो वाकतो. तिथे खायच्या सोड्याचे किंवा प्लॅस्टिकचे कण हवेत आणि ते मारणारा हात अनुभवी हवा. नदीची वाळू कशालाच वापरू नका. तिच्या बारीक सिलिका धुळीने सिलिकोसिस होतो आणि तो बरा होत नाही. सोडा वापरला तर पत्रा नीट धुवून घ्या, त्याचा राप राहिला तर प्रायमर धरत नाही. ब्लास्टिंगचे कण पोकळ्यांत महिनोन्‌महिने राहतात, म्हणून नंतर हवेच्या झोताने प्रत्येक छिद्र फुंका.

लांबी लागली तर ती सगळी काढा, चांगली दिसली तरी. खालचा पोचा, ठिगळ, भोक, जे काही असेल ते तुम्हाला आत्ता दिसलेलंच बरं.

एक धोका अनेकांना माहीत नसतो. क्लोरीनयुक्त सॉल्व्हंटने पुसलेल्या पत्र्यावर वेल्डिंग केलं तर फॉस्जीन हा विषारी वायू तयार होऊ शकतो. ब्रेक क्लीनरच्या काही डब्यांत असे सॉल्व्हंट असतात. वेल्डिंग करायच्या जागी ते आणूच नका.

त्याच संध्याकाळी

पत्रा उघडा करून झाला की उघड्या हाताने स्पर्श नको. बोटांच्या घामातलं मीठ पत्र्यावर राहतं आणि सकाळी तिथे बोटांच्या रेषांसकट तपकिरी ठसा उमटतो. ८० नंबरचे एकसारखे ओरखडे द्या, ग्रीस रिमूव्हरने दोन फडक्यांनी पुसा आणि इपॉक्सी प्रायमर मारा. गंज मारायला फॉस्फरिक आम्लाचं द्रावण वापरलं असेल तर ते पूर्ण धुऊन, वाळवून, पुन्हा घासल्याशिवाय इपॉक्सी मारू नका. आम्लाच्या रापावर तो धरत नाही. प्रायमरच्या माहितीपत्रकात पुढचा थर किती वेळात द्यायचा ते लिहिलेलं असतं. ती मुदत उलटली तर आधी तो घासून मगच पुढचा थर द्या.

खरवडलेला रंगाचा चिखल झाकणाच्या डब्यात गोळा करून घातक कचरा म्हणून द्या, मोरीत ओतू नका. सॉल्व्हंटची आणि तेलाची फडकी बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. जवसाच्या तेलासारख्या वाळणाऱ्या तेलाची फडकी आपोआप तापून पेटतात. मोकळी पसरून वाळवा किंवा पाणी भरलेल्या पत्र्याच्या डब्यात बुडवून ठेवा.

नवा सीम सीलर, म्हणजे सांध्यांचा सीलंट, इपॉक्सीच्या वर लावायचा, उघड्या पत्र्यावर नाही. फोटो समोर ठेवून, जिथे जाड होता तिथे जाड, जिथे ब्रशचे पट्टे होते तिथे ब्रशने. त्याआधी दारांच्या आणि सिलच्या (दाराखालच्या उंबऱ्याच्या) तळाची पाणी जाण्याची छिद्रं तार घालून तपासा. उतरवलेल्या सीलंटचे तुकडे हटकून तिथेच जाऊन बसलेले असतात.